शिस्तीची अळी

पालकाची जुडी. सातवा महिना. शिवणाची टेप. कपाटातल्या जुन्या फायली. भाजी निवडता निवडता सून थांबली. बाळासाठी सेंद्रियच भाजी हवी, हा तिचा हट्ट. “औषध न मारलेल्या पानाला अळी लागते, भोकं बघून घ्यायची,” ही निवृत्त कारकून सासऱ्यांची शिकवण. बाजारहाट तेच करायचे. आज प्रत्येक पानाला बरोब्बर दोन भोकं होती. तिने टेप लावली. सगळी एकाच मापाची, एकाच अंतरावर, फायलीतल्या कागदांना असतात तशी. “बाबा, ही अळी कुठल्या ऑफिसात होती?” “जुन्या वळणाची आहे. शिस्तीत खाते.” “साधीच भाजी आणून पंचिंग मशीन चालवलंत ना? उरलेले पैसे जातात कुठे?” सासऱ्यांनी जुडी आपल्याकडे ओढली. “माझ्यावर संशय घे, चालेल. फक्त तो घरी आल्यावर विषय काढू नकोस.” नवऱ्याची नोकरी दीड महिन्यापूर्वीच गेली होती; तिला ते कळू न देता सासरे उरलेल्या पैशांत घरखर्च भागवत होते.