शर्यतीचे शब्द

बाळांनो, समजा, तुम्ही दहा वर्षांची आम्रपाली आहात. वाघोलीच्या घरात तुमची आई नंदा रविवारीसुद्धा संगणकापुढे बसून घोड्यांच्या शर्यतीतले स्पॅनिश शब्द इंग्रजीत आणते आहे. एखादा घोडा नुसत्या मानेच्या फरकाने जिंकला, तर त्या फरकाला स्पॅनिशमध्ये 'पेस्कुएसो' म्हणतात. हे नीट समजावे म्हणून तिने तुम्हालाच घोडा करून, मान पुढे काढून पळायला लावले आहे.

काम पुरे झाल्यावर तिच्या आयटी कंपनीतले वरिष्ठ दत्तप्रसाद सर अर्जेंटिनाच्या गिऱ्हाइकाला कळवतात, "सगळे भाषांतर मी स्वतः केले." आईने विचारले तर म्हणतात, "नंदाबाई, तुमचं नाव घातलं असतं तर गिऱ्हाईक पळालं असतं!" त्या दिवशी आई घरी येऊन रडते आणि तुम्ही ते पाहता.

महिन्याभराने अर्जेंटिनाचे पाहुणे पुण्यात येतात. कंपनीत घरच्यांनाही बोलावलेले असते, पेढे वाटणे चालू असते. पाहुणे सरांचा हात धरून कौतुकाने घडाघडा स्पॅनिश बोलतात आणि उत्तरासाठी थांबतात. सर कसेनुसे हसत आईजवळ सरकतात.

"अहो नंदाताई, काय म्हणताहेत हे? तुम्हीच बोला ना पटकन!"

आई बिचारी सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडते. आता तुम्ही काय कराल?



आम्रपालीने त्या उघड्या तोंडात अख्खा पेढा कोंबला आणि सरांना नम्रपणे सांगितले, "आमची आई खाताना बोलत नाही."