तीन हजारांच्या गाठी

बहात्तर सालच्या जत्रांआधी फडमालकाच्या हट्टापायी तमाशातल्या सगुणानं मुंबईला जाऊन इंजेक्शनं घेतली आणि कुल्ले भरदार करून घेतले. चारशे रुपये लागले. चार महिन्यांत आत दगडासारख्या गाठी झाल्या. पाथर्डी ते घोडेगाव हा सगळा रस्ता तिनं फडाच्या ट्रकमध्ये उभ्यानं काढला.

नगरच्या डॉक्टरांनी गाठी काढायचे तीन हजार सांगितले.

"मालक, आता अजिबात बसवत न्हाई मला," ती म्हणाली.

"देतो की पैसं. पर तेवढी गर्दी तर जमू दे आधी."

&nbsp;

पुढच्या मुक्कामाला, भिंगारला, तंबूबाहेर मालकानं नवा बोर्ड लावला होता: 'सलग तीन तास, एकदाही खाली न बसता नाचणारी सगुणा.'