यंदाचा नंबर

१:१०. सोळाही झोपली.

ताईने पाळणाघराच्या वहीत एवढं लिहिलं आणि दुपट्यांच्या घड्या घालायला बसली. दुपारी इथे कुजबुजतच बोलायचं असतं. त्यामुळे माफीही कुजबुजतच मागावी लागली.

"ताई, माझं चुकलं."

सोबत काम करणाऱ्या धाकटीने पुढे काही सांगायच्या आतच ताईला कळलं. आठवडाभर ही पोर नाक दाबून दुधाच्या बाटल्या धूत होती.

"कितवा?"

"दुसरा लागलाय."

१:१८. खिडकीजवळची चुळबुळली. थोपटलं.

इथे सहाजणी कामाला. बदली बाई मिळत नाही, म्हणून बाळंतपणाच्या रजेवर वर्षाला एकीनेच जायचं. कुणाचा नंबर कधी, त्याचा कागद मोठ्या बाईंच्या कपाटाला आतून चिकटवलेला. बाहेरच्या कुणी ऐकलं की हसतं.

यंदा ताईचा होता. याआधी दोनदा आला आणि गेला. एकदा भाड्याची खोली सोडावी लागली म्हणून, एकदा सासरे अंथरुणाला खिळले म्हणून.

"मोठ्या बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ताईला विचार. ती नाही म्हणाली तर दोन्हींतलं एक सोड. नोकरी, नाहीतर..."

१:३१. खिडकीजवळची झोपली.

"नवरा काय म्हणतो?"

"त्यांचं काम सुटलंय ना. म्हणाले, तू म्हणशील तसं."

"नवरे ऐन वेळेला फार समजूतदार होतात बाई."

धाकटीला हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही.

"हळू. उठतील सगळी." ताईने हातातलं दुपटं तिच्याकडे सरकवलं. "तुझा नंबर कधी होता?"

"पाच वर्षांनी."

"मग तो मला दे. बाईंना सांग, ताई हो म्हणाली."

पुढच्या महिन्यात ताईला एक्केचाळीस पुरी होणार होती. भेटवस्तूची वर्गणी धाकटीच गोळा करत होती.

"ताई, पण पाच वर्षांनी तुम्ही..."

"घडी नीट घाल."

१:५२. जुळे एकदम उठले.

हे लिहायचं राहिलं. धाकटी सवयीने धावली.

"थांब. आता दोघांना एकदम उचलायचं नाही तू."

ताईने एकाला डाव्या खांद्यावर घेतलं, दुसऱ्याला उजव्या. दोघेही वजनदार, झोपेने ऊबदार. मग डोळे पुसायला एकही हात मोकळा उरला नाही.