चौथ्या गाण्यातला ओरखडा

सुई टेकली आणि जावयाने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला.

साठच्या दशकातल्या एका सोल-पॉप बँडची निवडक बारा गाणी, एकाच रेकॉर्डवर. सासरे निवृत्त घड्याळजी. जन्मभर दुसऱ्यांची वेळ नीट केली, स्वतःची या बारा गाण्यांत घालवली. सासूबाईंचा सगळा संसारही याच बारा गाण्यांवर झाला होता. पोटच्या पोराला सासऱ्यांनी रेकॉर्डला कधी हात लावू दिला नव्हता. जावयाला मात्र आठवडाभर घरी न्यायला दिली. त्याने ती दुपारभर उन्हात, गाडीत विसरली. संध्याकाळी तिचा चांगला खोलगट वाडगा झाला होता.

मग त्याने जुन्या वस्तूंची दुकानं पालथी घातली. शेवटच्या दुकानात तीच रेकॉर्ड मिळाली. कव्हर नाही म्हणून कुणी घेत नव्हतं. सासऱ्यांच्या कव्हरात ती नेमकी बसली. तेव्हापासून जावयाला अन्न गोड लागत नव्हतं.

"ट्रम्पेट ऐका," सासरे डोळे मिटून म्हणाले. "आता असे गाल कुणाला आहेत?"

जावयाने गालांबद्दल खेद व्यक्त केला. सासूबाई दाराशी वाटाणे सोलत होत्या.

"आता चौथं," सासरे म्हणाले. "इथे ओरखडा होता, सुई तीनदा अडखळायची. तीस वर्षांपूर्वी आपोआप बरा झाला. चांगलं संगीत आपली जखम आपणच भरतं, जावईबापू."

हे तो दर भेटीत ऐकायचा. आज मात्र ऐकवेना. सगळं कबूल करायला त्याने तोंड उघडलं.

सुई अडखळली. एकदा. दोनदा. तीनदा.

सासऱ्यांनी डोळे उघडले. ते पाणावले होते.

"दुखणं उलटलं," ते म्हणाले. "तुमच्या घरची हवा हिला मानवली नाही."

जावई मेल्याहून मेला. सासूबाईंनी वाटाणे खाली ठेवले आणि त्याला स्वयंपाकघरात यायची खूण केली. तिथे त्याने एका दमात गाडी, ऊन, दुकान, सगळं ओकून टाकलं आणि मान खाली घालून उभा राहिला.

सासूबाईंनी आधी दार लोटलं.

"पुलापलीकडचं दुकान?"

"हो."

त्या ओट्याला टेकल्या.

"तीस वर्षं पडून होती म्हणजे. बरोबर आहे, कव्हर मी दिलंच नव्हतं."