गवत उगवायच्या आत

"मूठ घट्ट आवळा. राग आत धरा. आता सोडा," समुपदेशनाच्या मॅडम म्हणाल्या.

लातूरच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसलेली सगळीच माणसं गाडीच्या अपघातातून वाचलेली. एकेकाची मूठ उघडली. रेवणप्पाची डावी तेवढी वळलेलीच राहिली.

"सोडा की अप्पा. राग काय पळून जातोय?" पायात सळई घातलेले हणमंतराव म्हणाले. दोघंतिघं हसले.

रेवणप्पा बोलला ते समोरच्या भिंतीशी.

"लोहा रोडला जीप उलटली. मी दाराखाली अडकलेलो. लोकं पळत आली. एकानं माझ्या बायकोच्या, कमलम्माच्या गळ्यात हात घातला. मला वाटलं, उचलतोय. त्यानं इष्टलिंगाची चांदीची डबी तोडली अन् गेला. ती तवा जिती होती. बघत होती त्याच्याकडं."

त्यानं उजव्या हातानं स्वतःचा मोकळा गळा चाचपला.

"आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. डाव्या तळहातावर त्याचं लिंग ठेवून, जन्मभर पुजलेलं. तिचा हात रिकामा. मग माझं काढून तिच्या हातावर ठेवलं. स्वामी म्हणले, तुला नवं देतो. म्हणलं, नको. चोराला चांदी पाहिजे होती. आतलं काळं लिंग फेकलंच असंल तिथं कुठं. हुडकून राहिलो. गावलं की तिचंच बांधीन गळ्यात."

"यंदाच्या दुष्काळात सगळ्यांचीच मनं करपलीत, अप्पा," मॅडम हळूच म्हणाल्या. "एक पाऊस पडू द्या..."

"पडू नये." रेवणप्पाची खुर्ची करकरत मागं सरली. "गवत न्हाई म्हणून खडा न् खडा दिसतो. गवत उगवल्यावर कुठं हुडकू? पडूच नये. जळू दे सगळं."

शेजारची धोंडाबाई उसळली. घागर घेऊन टँकरमागं धावताना चाकाखाली आलेला तिचा हात अजून झोळीत होता.

"जीभ झडंल, अप्पा. घोटभर पाण्यापायी हात गेला माझा, अन् तुम्ही पाऊस नको म्हणता?"

"हाव. म्हणतो."

आणि त्यानं मूठ तिच्यापुढं उघडली. तळहातावर मातीनं माखलेलं काहीतरी गोल, काळपट.

"सकाळी गावलं. धुवून बघायची छाती होईना."

धोंडाबाईनं पिशवीतली बाटली काढून मांडीत धरली, दातानं बूच उघडलं. जपून, बारीक धार धरली. गढूळ ओघळ रेवणप्पाच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. सगळे वाकले.

खडी होती. एका अंगाला डांबर चिकटलेलं.

रेवणप्पानं ती भिंतीवर भिरकावली. रंगाचा टवका उडाला.

धोंडाबाईनं दातातलं बूच थुंकल्यासारखं हातात घेतलं.

"पुढच्या बारीला सगळे खडे एकदम घेऊन या," ती खेकसली. "एकेकाला धुवायला पाणी कुठलं आणू मी?"