बंदूक अभयकडे, आवाज माझा

“ह्या मेल्याला काही काळवेळ? चैत्र नाही, वैशाख नाही, आपलं बारा महिने कुऊ-कुऊ!” शुभाताईंनी समोरच्या झाडावरच्या कोकिळाला झापलं आणि मग सुनेच्या, प्रणिताच्या कानाशी येऊन उरलेली कुरकुर केली. “पुण्यात दोन महिने ओरडतो तर कौतुक वाटतं. तुमच्या सिंगापुरात, ह्या टॅम्पिनीसमध्ये त्याला नोकरीलाच ठेवलाय. आणि ओरडताना शेवटी चिरकतो बघ कसा.”

“लोक तक्रारी करतात हो आई त्याच्याबद्दल.”

“मग सुबोधबद्दल कशी नाही केली?”

प्रणिता हसली. दोन महिने सुबोध शेजारच्या कार पार्कच्या गच्चीवर सराव करत होता. टाळूला रबराची चकती लावायची आणि लांब नळीतून एल्कचा आवाज काढायचा. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. दिसायला राजबिंडा, पण आवाज असा, की आधी शिट्टी, मग किंकाळी आणि शेवटी दमेकऱ्यासारखे हुंकार. सराव करून करून सुबोधचा घसाच बसला. शुभाताई पुण्याहून आल्या तेव्हा लेक त्यांच्याशी कुजबुजतच बोलत होता.

मग तो मित्राबरोबर, अभयबरोबर, अमेरिकेला शिकारीला गेला, मोंटानाच्या डोंगरात. गेल्या सप्टेंबरातही दोघं गेले होते. तेव्हा नर अगदी जवळ येऊन वास लागताच उधळला होता.

“मारणार तू त्याला?” शुभाताईंनी निघताना विचारलं होतं. त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे.

“बंदूक अभयकडे, आई. आवाज माझा.”

नमस्काराला वाकला तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला. “माझं विमान रविवारी आहे,” त्या म्हणाल्या. “तुला डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी त्यात बसणार नाही.” त्यानं मान हलवली होती.

तिकडे डोंगरात रेंज येऊन-जाऊन असे. तो जंगलातच एक निरोप बोलून ठेवायचा आणि तळावर परतला की आईच्या फोनवर पाठवायचा. उलट फोन करायचा नाही, अशी ताकीद होती. वाजला तर जनावर पळेल. शुभाताईंनी ती पाळली. बायपास झाल्यापासून सगळे त्यांच्याशी काचेच्या भांड्यासारखे जपून वागत. ते त्यांना मुळीच आवडत नसे, पण लेकाचं ऐकायच्या.

आज शुक्रवार. प्रणिता ऑफिसला निघायच्या तयारीत होती. तिचं ऑफिस हल्ली शहरातल्या नोव्हेना भागात हलवलं होतं. पिशवीत तिनं लेकीची, निहारिकाची जुनी, लिहून पुसायची पाटी घातली.

“ममी, दॅट वन माइन ला!” निहारिका खोलीतून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली.

“मीटिंगला लागते,” प्रणिता म्हणाली.

तेवढ्यात शुभाताईंचा फोन टिणटिणला. निरोप आला होता. त्यांनी चहाचा कप हातात घेतला आणि फोन टेबलावर ठेवून लावला.

“आई, हळू बोलतोय. नर जवळ आहे.” तीच कुजबूज. “वारा आमच्या तोंडावर आहे, म्हणजे त्याला आमचा वास नाही. काल मी मादीचा आवाज काढला, पण तो हलला नाही. त्याच्या घरच्या माद्या काय कमी आहेत? म्हणून आज दुसऱ्या नराचा काढला. फांदी घेऊन बुंध्यावर खसाखसा घासली, कुणी शिंगं घासतंय असं वाटावं म्हणून. आणि तो चिडला, आई! अभय पुढं दबा धरून बसलाय, मी मागं. नर येतो तो आवाजाकडे, बंदुकीकडे बघतच नाही. आता झुडपं मोडतायत. गोठ्यासारखा वास येतोय. शिंगाचं टोक दिसलं...”

थोडा वेळ नुसता श्वास.

“आई, रविवारपर्यंत मला पोचता येणार नाही. तू जा. रागावू नकोस. आता शेवटची हाक देतो. ऐक.”

शिट्टी, किंकाळी, हुंकार. मग शांतता. आणि त्या शांततेत, लांबून, कुऊ-कुऊ.

शुभाताईंचा कप वाटेतच थांबला. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. झाड गप्प होतं. त्यांनी निरोप पुन्हा लावला. पुन्हा त्याच जागी, कुऊ-कुऊ, आणि शेवटी तो चिरका सूर.

“मोंटानात कोकीळ असतो?”

“असेल, आई. पक्षी काय, कुठंही...”

“हाच? ह्याच चिरक्या गळ्याचा?” शुभाताईंनी कप खाली ठेवला. “सुबोध तिकडून बोलत नाहीये, प्रणिता. आपल्या गच्चीवरून बोलतोय. नोकरी गेली का त्याची? इथं राहायचा पास गेला? का दुसरीकडे बिऱ्हाड केलंय?”

“आई, नाही हो!”

“मग बोलू दे मला त्याच्याशी. दोन शब्द. शिवी देणार नाही.” आणि आजवर न लावलेला फोन त्यांनी लावला.

फोन वाजला. प्रणिताच्या पिशवीत वाजला, त्या पाटीला टेकून.

प्रणिता पिशवीकडे गेली नाही.

निहारिका दारात येऊन उभी होती. आजीशी मराठीत एक सरळ वाक्य ती कधी बोलली नव्हती. आता बोलली.

“आजी, बाबा नोव्हेनाला हॉस्पिटलमध्ये आहेत. त्यांच्या घशात कॅन्सर होता. ऑपरेशनच्या आधी त्यांनी हे सगळं तुझ्यासाठी बोलून ठेवलं, ममी रोज एक पाठवते. आजचा लास्ट होता. आता त्यांना आवाज नाही.”