हसायचं कार्टून

"भोपाळच्या त्या गॅसमधून एकटीच वाचून आली तशी गुड्डी एक शब्द बोलली नाही, अन् तू तिले सिनेमाले काहून नेऊन राहिली वं?" आई म्हणाली.

"अवं आई, कार्टून आहे! हसून हसून लोळते की नाही, पाहाच तू!" शामलाने छातीठोक सांगितलं आणि आठ वर्षांच्या मावसबहिणीला घेऊन सदर भागातलं थेटर गाठलं.

पण कार्टून भलतंच निघालं. ना उंदीर, ना मांजर. जग जळून राख झालेलं, आणि उरल्यासुरल्या माणसांच्या मागे पिवळा धूर लागलेला. माणसं जीव मुठीत धरून पळत सुटली. "चाल गुड्डी, घरी जाऊ," म्हणत शामलाने हात धरला, तर गुड्डी ताडकन खुर्चीवर उभी!

"पळू नका! ओला कपडा तोंडावर घ्या अन् खाली पडून राहा!"

अख्खं थेटर खो खो हसलं. गुड्डी बोलली होती! शामलाने तिला जवळ ओढलं.

गुड्डी हळूच खाली बसली. "आईनं माह्याच तोंडाले ओला कपडा बांधला," ती म्हणाली, "अन् मले उचलून पळत राहिली."